दशावताराची रात्र: ठेवायला किती, पाहायला किती

सावंतवाडी तालुक्यातलं आरोंदा तेरेखोल नदीच्या काठी आहे; पलीकडे गोव्याचं किरणपाणी. या पट्ट्यात जत्रेची रात्र म्हणजे दशावतार. सुरुवातीच्या आडदशावतारात गणपती, रिद्धी-सिद्धी, संकासुर येऊन जातात आणि मग पखवाज-पेटीच्या साथीने आख्यान रंगतं ते पहाटेपर्यंत. लिहिलेली संहिता नसते. आख्यान तेच, नट तेच, तरी आज राजाच्या तोंडी आलेलं भाषण उद्या येईलच असं नाही. म्हणून प्रत्येक प्रयोगाचं चित्रीकरण जपायला हवं. ते ठेवायचं कुठे, हे मात्र पैशांवर येऊन थांबतं.

फुल एचडी चित्रीकरण सेकंदाला १० मेगाबिटने साठवलं, तर पाच तासांचे साडेबावीस जीबी होतात. शंभर रात्रींचे सव्वादोन टीबी. घरातल्या एका हार्ड डिस्कवर ते मावतं. पण इथली हवा दमट, खारी. शिवाय मे २०२१ च्या तौक्ते वादळात जिल्ह्यात कितीतरी गावं अंधारात होती. घरची प्रत असावीच, फक्त तिच्या एकटीवर भरवसा नको.

अ‍ॅमेझॉनने एस-थ्री ही दूरस्थ साठवण २००६ मध्ये सुरू केली. तिचं मुंबईतलं केंद्र २०१६ चं. तिथला नेहमीचा दर जीबीला महिना अडीच सेंट, म्हणजे एका रात्रीचे ५६ सेंट. डेटा एकमेकींपासून दूर असलेल्या किमान तीन जागी ठेवला जातो. एखादी डिस्क गेली तरी आपल्याला पत्ताही लागत नाही.

खरी मेख डेटा बाहेर काढण्यात आहे. महिन्याचे पहिले १०० जीबी फुकट, पुढे जीबीला सुमारे ११ सेंट. एकाने अख्खी रात्र पाहिली की अडीच डॉलरच्या आसपास गेले, महिनाभर ठेवण्याच्या चौपटीहून जास्त. मुंबईतल्या हजार चाकरमान्यांनी गावचं नाटक पाहिलं तर बिल दोन हजार डॉलरच्या वर. हा दर आधी न वाचता कुणी संग्रह उभारू नये, असं मला कळकळीने वाटतं.

डेडिकेटेड सर्व्हरचं गणित उलटं. जर्मनीच्या हेट्झनरकडे जुन्या यंत्रांच्या लिलावात महिना चाळीसेक युरोला अख्खं यंत्र मिळू शकतं आणि गिगाबिट जोडणीवर वाहतुकीचा वेगळा आकार नाही. दहा जणांनी पाहिलं काय नि हजारांनी काय, भाडं तेच. पण यंत्राची राखण आपली. दोन डिस्कवर आरसा-प्रत ठेवली तरी चुकून पुसलेली फाइल दोन्हीकडून एकदमच जाते. तो काही बॅकअप नव्हे.

म्हणून मी दोन्ही वाटून घेईन. मूळ चित्रीकरण एस-थ्रीच्या डीप आर्काइव्हमध्ये: अमेरिकेतल्या काही केंद्रांत टीबीला महिना एक डॉलरच्या आसपास. परत मागितलं की बारा तासांपर्यंत थांबावं लागतं, आणि १८० दिवसांच्या आत पुसलं तरी तेवढ्या दिवसांचे पैसे द्यावे लागतात. जपून ठेवायच्या वस्तूला दोन्ही चालतं. सर्व्हरवर फक्त पाहायची प्रत, सेकंदाला ३ मेगाबिटची. मग एक रात्र पावणेसात जीबीत बसते आणि त्या एका गिगाबिट जोडणीवर तीनशे जण एकाच वेळी आख्यान पाहू शकतात.