डोंबिवलीच्या नावाची संख्या

कर्जत किंवा खोपोलीहून मुंबईकडे निघालेली लोकल कल्याण मागे टाकते आणि थोड्याच वेळात डोंबिवली स्थानक येते. या स्थानकाचे नाव गणितातील एका संख्यासमूहाला लाभले आहे, हे रोजच्या प्रवाशांपैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. देवळाली येथे १९३० ते १९६२ या काळात शाळेत अध्यापन करणारे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५-१९८६) यांना या संख्यांची कल्पना जी.आय.पी. रेल्वेच्या याच स्थानकावर सुचली. स्थानकाच्या जुन्या नावावरून त्यांनी त्यांना 'डेम्लो संख्या' म्हटले.

त्यांपैकी सर्वांत देखणी संख्या सतरा अंकी आहे : १२३४५६७८९८७६५४३२१. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'तील स्थाननामांनुसार तिचा पहिला अंक 'मध्य' या स्थानी येतो. पुढचे स्थान परार्धाचे. मधला ९ बाजूला ठेवून उरलेल्या दोन भागांची, म्हणजे १२३४५६७८ व ८७६५४३२१ यांची, बेरीज केली असता ९९९९९९९९ येते. दोन टोकांच्या बेरजेत मधलाच अंक पुन्हा पुन्हा यावा, हे डेम्लो संख्येचे लक्षण होय. १६५ ही त्याच कुळातील लहान संख्या : १ आणि ५ मिळून ६.

ही सतरा अंकी संख्या म्हणजे १११११११११ या नऊ एकांच्या संख्येचा वर्ग होय. यात चमत्कार काही नाही. १११ ला १११ ने गुणताना एकेक घर डावीकडे सरकणाऱ्या तीन ओळी मांडाव्यात. उभ्या रकान्यांची बेरीज १, २, ३, २, १ अशी येते. नऊ एकांच्या वेळी मधल्या रकान्यात नऊ एक जमतात आणि हातचा घ्यावाच लागत नाही.

कर्जत-खालापूरच्या ठाकूर-कातकरी वाड्यांवरील शाळा असो वा तालुक्याच्या गावची, 'हातचा' हा बहुधा पाठ केलेला नियम म्हणूनच मुलांच्या पदरी पडतो. तो का घ्यावयाचा, हे समजण्यास दहावा एक उपयोगी पडतो. नऊ उदाहरणे जुळली म्हणून दहावेही जुळेल असे मूल छातीठोकपणे सांगते. किंबहुना मोठी माणसेही सांगतात. प्रत्यक्षात मधल्या रकान्यात दहा एक जमतात, हातचा डावीकडे सरकतो आणि उत्तर येते १२३४५६७९००९८७६५४३२१. चढत्या अंकांतील ८ नाहीसा झालेला असतो.

उत्तर चुकले असावे अशी शंका वर्गात येणारच. तेथे जुना नवाचा ताळा करून पाहावा. दहा एकांची बेरीज १०, म्हणजे १. त्याचा वर्गही १. उत्तरातील अंकांची बेरीज ८२, तिची १०, आणि शेवटी १. ताळा जमतो.