नळी जुनी, दस्ता नवा

पॉइंट टू-टूच्या बोल्ट-अ‍ॅक्शन रायफलींचा विषय निघाला की रेंजवर दोन तट पडतात. एकाला जुन्या विंचेस्टरच्या, जुन्या अ‍ॅन्शुट्झच्या नळ्यांची सर कशालाच येत नाही असं वाटतं. दुसऱ्याची खात्री असते की अ‍ॅल्युमिनियमच्या दस्त्याची, जागोजागी आकडे कोरलेली नवी रायफल हाती आल्याशिवाय गुण वाढायचेच नाहीत. खरं तर इथे प्रश्न दोन आहेत आणि दोघेही ते एकात मिसळतात. रायफल स्वतः किती नेमकं मारते हा एक. आणि तो नेमकेपणा माणसाला तिच्याकडून सामन्यातल्या साठच्या साठ गोळ्यांत काढून घेता येतो का, हा दुसरा. माझ्या मते पहिल्या बाबतीत गेल्या अर्धशतकात थोडंच बदललं. दुसऱ्या बाबतीत जे बदललं त्यावर पैसे खर्च करणं समजण्यासारखं आहे.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर काडतुसातच सापडतं. पॉइंट टू-टू लाँग रायफलची शिशाची गोळी जेमतेम 2.6 ग्रॅमची. स्पर्धेच्या काडतुसात तिचा वेग मुद्दाम आवाजाच्या वेगाखाली, सेकंदाला 320-330 मीटरच्या आसपास ठेवतात, म्हणजे वाटेत ध्वनीची मर्यादा ओलांडून तिच्यावर डगमगण्याची वेळच येत नाही. दाब कमी, उष्णता कमी, शिसं मऊ. त्यामुळे बोल्टला फार ताकद लागत नाही आणि नळीही सहसा झिजत नाही. झीज होते ती चेंबरच्या तोंडाशी, जिथे ज्वाला आणि प्रायमरची राख दर वेळी आदळते. निगा राखलेली नळी हजारो काडतुसं सहज पचवते. एवढ्या सौम्य काडतुसासाठी उत्तम नळी घडवण्याची विद्या लवकरच पक्की झाली. विंचेस्टरची मॉडेल 52 ही रायफल 1919 मध्ये अमेरिकेतल्या राष्ट्रीय स्पर्धांत पुढे आली आणि 1980 पर्यंत बनत राहिली. अ‍ॅन्शुट्झ ही 1856 पासूनची जर्मन कंपनी. महायुद्धानंतर थुरिंगियातलं बस्तान मोडल्यावर 1950 मध्ये तिने उल्म शहरात नव्याने सुरुवात केली. तिच्या मॅच 54 या यंत्रणेचा आकडा आजच्या 54.30 या नव्या रायफलीच्या नावातही टिकून आहे.

आता पुरावा. 50 मीटरवरच्या लक्ष्यातलं दहाचं वर्तुळ 10.4 मिलिमीटरचं, शर्टाच्या बटणाएवढं. प्रोन प्रकारात नेमबाज पालथा झोपतो, दोन्ही कोपरं जमिनीला टेकलेली आणि पट्टा दंडाला आवळलेला असतो. अंगाची हालचाल इथे सगळ्यात कमी, म्हणून रायफलीचा स्वतःचा गुण-दोष इथेच उघडा पडतो. 1972 च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये उत्तर कोरियाच्या ली हो-जुन यांनी 600 पैकी 599 गुण मिळवले. 1976 ला माँट्रियलमध्ये पश्चिम जर्मनीच्या कार्लहाइन्झ स्मीझेक यांचेही 599. म्युनिकनंतर चाळीस वर्षांनी, 2012 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये, बेलारूसच्या सर्गेई मार्टिनोव्ह यांनी पात्रता फेरीत 600 केले. फरक एका गुणाचा. थ्री पोझिशनमध्ये मात्र गुडघ्यावर बसून आणि उभं राहूनही मारावं लागतं, आणि तिथलं चित्र वेगळं आहे. माँट्रियलमध्ये लॅनी बॅशम आणि मार्गारेट मर्डॉक दोघंही 1200 पैकी 1162 वर बरोबरीत होते. लंडनमध्ये इटलीच्या निक्कोलो काम्प्रियानी यांनी पात्रतेत 1180 केले. थ्री पोझिशनमधला प्रोनचा भाग तेव्हाही जवळजवळ भरलेलाच होता, तेव्हा हे वाढलेले अठरा गुण मुख्यतः उभ्याने आणि गुडघ्यावर मिळालेले आहेत. जिथे यंत्र कसाला लागतं तिथे गुण हलले नाहीत, जिथे अंग कसाला लागतं तिथे हलले.

यावर जाणकार लगेच म्हणतील की 600 च्या वर जागाच कुठे होती? छताला टेकलेल्या माणसाची उंची वाढली की नाही हे कळणार कसं? आक्षेप रास्त आहे. 1989 मध्ये लक्ष्याची वर्तुळं लहान केली, त्यामुळे मार्टिनोव्ह यांचे 600 हे आधीच्या 599 पेक्षा आकड्यात दिसतात त्याहून अधिक मोलाचे आहेत, हेही मान्य. पण वर्तुळं दोन्ही प्रकारांत सारखीच लहान झाली आणि तरी थ्री पोझिशनचे गुण अठराने चढले. शिवाय छताला टेकले ते सत्तरच्या दशकातल्या रायफलींनीच टेकले होते. तेव्हाची नळी नेमबाजाला मागे खेचत नव्हती एवढं त्यावरून नक्की ठरतं, आणि माझ्या युक्तिवादाला तेवढं पुरेसं आहे. सराव, प्रशिक्षक, शारीरिक तयारी यांचा वाटा त्या अठरा गुणांत असणारच. जाड, ताठ जाकिटांचा आहे म्हणावं तर कपड्यांचे नियम मधल्या काळात उलट कडक होत गेले.

मग नव्या रायफलीत नवं काय? जवळून पाहिलं तर जवळजवळ सगळी करामत नळीभोवती आहे. जुन्या 52 वर 28 इंची नळी असायची. पॉइंट टू-टूची दारू 16 इंचांच्या आसपास आपलं काम संपवते. त्यापुढची लांबी फक्त गोळीला घासत नेते आणि तितका वेळ जास्त लावते. गोळी नळीतून बाहेर पडायला सुमारे अडीच मिलिसेकंद लागतात, आणि तेवढ्या वेळात उभ्या माणसाची रायफल हलतच असते. म्हणून आता नळी आखूड असते आणि पुढे पोकळ नळकांडं जोडून त्यावर समोरची साइट बसवतात. दोन साइटमधलं अंतर राहतं, गोळी मात्र लवकर मोकळी होते. चाप ओढल्यापासून पिन आदळेपर्यंतचा वेळही असाच छाटत आणला गेला. विंचेस्टरने तर 1920 च्या दशकाच्या अखेरीसच 52 ला वेगवान लॉक दिलं होतं. खरा पालट दस्त्यात झाला. गालाची पट्टी, खांद्याचा आकडा, तळव्याचा आधार, मूठ, सगळं पुढे-मागे, वर-खाली, तिरकं फिरतं आणि प्रत्येक जागी मिलिमीटरच्या खुणा असतात. एका स्थितीतून दुसऱ्या स्थितीत जाताना नेमबाज चार स्क्रू सैल करतो, वहीतले आकडे लावतो आणि काल जिथे गाल टेकला होता तिथेच आज टेकतो. लाकडी दस्त्यात हेच काम कानस, फेल्टचे तुकडे आणि चिकटपट्टीवर भागवावं लागे.

याला उलटा दाखलाही आहे. अमेरिकेच्या मॅट एमन्स यांची रायफल 2004 च्या ऑलिंपिकआधी कुणीतरी बिघडवून ठेवली. उसन्या रायफलीने त्यांनी अथेन्समध्ये प्रोनचं सुवर्ण जिंकलं. दुसऱ्याच्या रायफलीने जर सुवर्ण मिळतं, तर अंगाला जुळण्याचं एवढं कौतुक कशाला? पण ते पदक प्रोनचं, म्हणजे अंगाचा संबंध सगळ्यात कमी असलेल्या प्रकारातलं. आणि रायफल उसनी असली तरी दस्ता सरकवून आपलीशी करता येणारी मॅच रायफलच होती. याच एमन्सना 2008 मध्ये बीजिंगला थ्री पोझिशनच्या शेवटच्या गोळीवर 6.7 पुरले असते. बोट चापाला वेळेआधी लागलं आणि 4.4 पडले. या रायफलींच्या चापाला किमान वजनाची अट नाही, त्यामुळे तो हवा तितका हलका करता येतो. सुधारणेची अशीही किंमत असते.

महाराष्ट्रापुरता एक मुद्दा युरोपातल्या चर्चांत क्वचित येतो, तो पावसाचा. अक्रोडाचं लाकूड कितीही मुरलेलं असो, कोल्हापूर-कोकणातल्या श्रावणात ते ओल धरतं. दस्ता बारीकसा जरी फुगला तरी यंत्रणेवरचा ताण बदलतो आणि गोळ्यांचा पुंजका सरकतो. नेमबाज वाऱ्याला दोष देत साइट फिरवत बसतो. अ‍ॅल्युमिनियमला ओल बाधत नाही. स्क्रू टॉर्क पान्याने ठरल्या ताणावर आवळले की काम झालं. तेजस्विनी सावंत यांनी 2010 मध्ये म्युनिकला 597 गुणांनी विश्वविक्रमाशी बरोबरी करत प्रोनचं जगज्जेतेपद मिळवलं, स्वप्नील कुसाळे यांनी 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये 451.4 गुणांवर थ्री पोझिशनचं कांस्य आणलं. दोघंही कोल्हापूर जिल्ह्यातले. त्या मातीतून पुढे येणाऱ्या मुलांनी युरोपातल्या कोरड्या, गरम केलेल्या रेंजवरचा सल्ला जसाच्या तसा घेऊ नये.

पैशाचा हिशेबही यातूनच निघतो. काडतुसांचा प्रत्येक लॉट प्रत्येक नळीशी वेगळा वागतो. एले या कंपनीच्या काडतुसांचा एखादा लॉट एका रायफलीत एका भोकात पडेल, शेजारच्या रायफलीत पसरेल. म्हणून मोठे नेमबाज रायफल शिकंज्यात आवळून लॉटमागून लॉट तपासतात. जुनी मॅच 54 विकत मिळत असेल तर दस्त्याचं पॉलिश पाहण्याआधी तिचीही अशीच परीक्षा घ्यावी, आणि चेंबरचं तोंड बोरस्कोपने पाहावं. शिकंज्यात दहा गोळ्या दहाच्या वर्तुळात नीट बसत असतील, तर ती नळी नवीसाठी टाकण्याचं कारण नाही. तीच यंत्रणा अ‍ॅल्युमिनियमच्या नव्या दस्त्यात बसवता येते, असे दस्ते सुटे मिळतात, आणि नव्या रायफलीच्या किमतीतून वाचलेले पैसे चांगल्या लॉटच्या काडतुसांत घालता येतात. गोळ्या शिकंज्यातच पसरल्या, तर मात्र नवा दस्ता त्या नळीला वाचवू शकत नाही. मग आधी नळी बदलावी.