लाईट आहे, पण उजेड कुठंय?

आपल्याकडे ‘लाईट गेली’ म्हणजे वीज गेली आणि ‘लाईट लाव’ म्हणजे दिवा लाव. कॅमेऱ्यासमोर बसून घरून परीक्षा द्यायची तर हे दोन्ही अर्थ सांभाळावे लागतात. लातूर-नांदेडच्या क्लासेसमधली नीट आणि एमएचटी-सीईटीची गर्दी केंद्रावर जाऊनच पेपर देते, तिला ही चिंता नाही. पण कोरोनाच्या काळात, २०२० आणि २०२१ साली, राज्यातल्या विद्यापीठांच्या परीक्षा पोरांनी घरात बसून दिल्या. आजही जीआरई, टोफेल किंवा कंपन्यांच्या भरतीच्या चाचण्या तशा देता येतात. अशा वेळी पहिला प्रश्न येतो, ‘कॅमेरा कुठला घेऊ?’ खरं तर आधी विचारायला हवं, ‘खिडकी कुठल्या बाजूला आहे?’

गैरसमज : महागडा वेबकॅम घेतला की चेहरा स्पष्ट दिसतो.
वस्तुस्थिती : लॅपटॉपचा साधा ७२०पी कॅमेरा एका चित्रात १२८० गुणिले ७२०, म्हणजे नऊ लाखांवर ठिपके टिपतो. चेहरा आणि ओळखपत्र पाहायला तेवढे सहसा पुरतात. अडचण अंधाराची असते. उजेड कमी पडला की कॅमेरा प्रत्येक चित्र टिपायला जास्त वेळ घेतो. मग मान हलली तरी चेहरा पुसट होतो आणि चित्रात दाणे उमटतात.

गैरसमज : खोलीत भरपूर उजेड असला की झालं.
वस्तुस्थिती : उजेड किती आहे याइतकंच तो कुठून येतो हेही महत्त्वाचं. पाठीमागे खिडकी असेल तर कॅमेरा त्या लख्ख चौकटीला धरून स्वतःला जुळवून घेतो आणि तुमचा चेहरा काळवंडतो. खुर्ची फिरवून खिडकी समोर घ्या, कामाला एक पैसा लागत नाही. माळवदाच्या घरात झरोक्यातून वरून उजेड पडतो, छताच्या ट्यूबचंही तसंच. डोळ्यांखाली सावल्या साचतात. त्यासाठी लॅपटॉपच्या मागे, डोळ्यांच्या थोडं वर एक टेबललॅम्प ठेवा. तोच दिवा चार फुटांवरून दोन फुटांवर आणला की चेहऱ्यावर सुमारे चौपट उजेड पडतो. चष्मा असेल तर दिवा जरा बाजूला सरकवा, नाहीतर काचेवर डोळ्यांऐवजी दिवाच दिसेल.

गैरसमज : उत्तरेच्या खिडकीतून कधीच ऊन येत नाही.
वस्तुस्थिती : लातूर आणि नांदेड दोन्ही कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहेत. मेच्या मध्याला इथं शून्य सावलीचा दिवस येतो आणि तिथून जुलैअखेरपर्यंत भरदुपारचा सूर्य उत्तरेकडे कललेला असतो. त्या दिवसांत सकाळ-संध्याकाळी उत्तरेच्या खिडकीतूनही तिरपं ऊन आत शिरतं. खिडकीवर पांढरं धोतर किंवा पातळ ओढणी ताणून लावली की ऊन मऊ होऊन सगळीकडे पसरतं.

गैरसमज : सावळ्या चेहऱ्याला पावडर लावली की चेहरा ओळखणाऱ्या यंत्राला नीट दिसतं.
वस्तुस्थिती : दोष चेहऱ्याचा नाही, यंत्राच्या शिकवणीचा आहे. २०१८ मध्ये जॉय बुओलाम्विनी आणि टिमनिट गेब्रू या संशोधकांनी चेहऱ्यावरून स्त्री-पुरुष ओळखणाऱ्या तीन व्यावसायिक प्रणाली तपासल्या. उजळ पुरुषांच्या बाबतीत चुका जास्तीत जास्त ०.८ टक्के निघाल्या, सावळ्या-काळ्या स्त्रियांच्या बाबतीत ३४.७ टक्क्यांपर्यंत. पावडरीने फक्त चकाकी कमी होते. आपल्या हातात आहे तो समोरून येणारा सम उजेड.

गैरसमज : उन्हाचा स्कार्फ आणि कच्चा कागद चालतो.
वस्तुस्थिती : घरून द्यायच्या जीआरई-टोफेलमध्ये कान उघडे दिसावे लागतात, हेडफोन चालत नाही आणि साधा कागद वापरता येत नाही. पुसता येणारी छोटी पाटी चालते. पलंगावर मांडी घालून बसणंही नाही, टेबल-खुर्ची हवी.

गैरसमज : लाईट गेली तरी लॅपटॉपची बॅटरी आहे.
वस्तुस्थिती : लॅपटॉप चालू राहील, वायफायचा राउटर मात्र त्याच क्षणी बंद पडेल आणि टेबललॅम्पही विझेल. राउटर इन्व्हर्टरवर घ्या आणि चार्ज होणारा एक दिवा जवळ ठेवा. मोबाईलच्या हॉटस्पॉटवर विसंबायचं असेल तर दोन गोष्टी पाहा. फोन खोलीत ठेवायला परवानगी आहे का, हे नियमांत आधी वाचा. दुसरा हिशोब डेटाचा. सेकंदाला १ मेगाबिटने चित्र सलग गेलं तर तीन तासांत सुमारे १.३५ जीबी संपतो. रोजच्या दीड जीबीच्या पॅकमध्ये मग फारसं काही उरत नाही.

परीक्षेच्या आदल्या दिवशी, पेपरच्याच वेळेला, त्याच खुर्चीत बसून कॅमेरा चालू करा. सकाळी आठला पाहिलेली खोली दुपारी दोनला तशी राहत नाही. पत्र्याचं घर असेल तर पावसाचा आवाजही ऐकून घ्या, कारण माइक उघडा असतो. आणि घरात सांगून ठेवा, पेपर संपेपर्यंत चहा घेऊन कुणी आत यायचं नाही.