दारावर मालकाचे कुलूप

यवतमाळ, वणी, पुसदला किरायाच्या खोलीत राहणाऱ्या आपल्या कष्टकरी कुटुंबांकडून आम्ही एकच गाऱ्हाणे ऐकतो. कामावरून परत यावे तर दाराला मालकाचे कुलूप! वर ते उघडण्याचे पैसे वेगळे.

ते देऊ नका. किराया थकला असला तरी कायदेशीर हुकुमाशिवाय मालकाला खोली रिकामी करवून घेता येत नाही. विदर्भात पूर्वी 1949 चा सी. पी. अँड बेरार आदेश चाले. 31 मार्च 2000 पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा आहे. त्यात नळ-वीज तोडणे मना आहे, किरायाची पावती देणे बंधनकारक आहे. पण पावती मागायला आपली माणसे संकोचतात, आणि मालक ते ओळखून असतो.

पोलीस 'दिवाणी मामला' म्हणून परत पाठवतील. तरी लेखी तक्रार देऊन पोच घ्या. बाहेर काढल्यापासून सहा महिन्यांच्या आत विशिष्ट अनुतोष कायदा, 1963 च्या कलम 6 खाली दावा लावा. तेथे मालकी नव्हे, ताबा पाहतात.

वकिलाची फी? जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अनुसूचित जातीच्या माणसाला आणि कोणत्याही स्त्रीला उत्पन्नाची अट नाही. जातीचा दाखला न्या; सोबत त्या पत्त्यावरचे गॅसचे पुस्तक आणि साक्ष देतील अशा दोन शेजाऱ्यांची नावे.