एकशें पांच प्रदक्षिणा

देवाला प्रदक्षिणा घालणारा मनुष्य कोठेंच पोंचत नाहीं. जेथून निघाला तेथेंच तो पुन्हां येऊन उभा राहतो. तरीही त्याच्या फेऱ्या वायां गेल्या असें आपण म्हणत नाहीं. कारण स्थल तेंच राहिलें तरी चालणारा थोडासा पालटला असावा, अशी आपली समजूत असते. ह्या समजुतीची खरी परीक्षा कोठें पाहावयास मिळेल, असें मला कोणी विचारलें असतें, तर मीं एखाद्या क्षेत्राचें नांव सांगितलें असतें. गेल्या दिवाळींत मात्र ती मला एका तुरुंगांत सांपडली, आणि तोही दूर अमेरिकेंतला.

माझा पुतण्या कॅलिफोर्नियांत नोकरीस असतो. सुटींत घरीं आला असतां एके रात्रीं जेवणें झाल्यावर तो तिकडच्या गोष्टी सांगत बसला होता. सॅन फ्रॅन्सिस्को शहराच्या उत्तरेस लार्कस्पर म्हणून गांव आहे. तेथून शहराकडे बोट जाते. त्या बोटींतून जातांना उपसागराच्या अगदीं कांठाशीं एक विस्तीर्ण इमारत दिसते. "काका, तो सॅन क्वेंटिनचा तुरुंग," तो म्हणाला, "आणि त्या तुरुंगांत दरवर्षीं मॅरेथॉन धांवतात."

मॅरेथॉन म्हणजे ४२ किलोमीटर १९५ मीटर. जुन्या मापानें सुमारें तेरा कोस. माझ्या नातीनें लागलीच विचारलें, "पण काका, तुरुंगांत तेवढा रस्ता कुठें असतो?"

"रस्ता नाहीं. फेऱ्या आहेत. एकशें पांच."

मग त्यानें आम्हां सर्वांना ह्या विषयावरचा एक माहितीपट दाखविला. क्रिस्टीन यू ह्या बाईंनीं काढलेला तो चित्रपट २०२२ सालचा आहे. अमेरिकेंत 'पंचवीस वर्षें ते आजन्म' अशा धर्तीची शिक्षा देण्याची रीत आहे. तितकीं वर्षें भोगल्यावर सुटकेचा अर्ज विचारांत घेतात. तो मंजूर झाला नाहीं तर कैदी आंतच राहतो. मॅरेथॉनचें अंतर मैलांत २६.२ भरतें, म्हणून चित्रपटाचें नांवही 'सव्वीस पूर्णांक दोन ते आजन्म' अशा अर्थाचें ठेवलें आहे. तो पाहून झाल्यावर आमच्या घरांत जो वाद झाला, त्यामुळेंच मी हा लेख लिहावयास बसलों आहें.

सॅन क्वेंटिन हा त्या राज्यांतील सर्वांत जुना तुरुंग. १८५२ सालीं तो सुरू झाला. देहान्ताची शिक्षा झालेले कैदी कित्येक दशकें तेथें ठेवीत, त्यामुळें त्याच्या नांवाचाच लोकांना धाक वाटे. २०२३ सालीं सरकारनें त्याचें नांव बदलून 'पुनर्वसन केंद्र' असें केलें. परंतु धांवण्याची गोष्ट ह्या नामांतराच्या पुष्कळ आधींची आहे. २००५ सालीं तेथें 'हजार मैल मंडळ' स्थापन झालें. टॅमल्पा नांवाच्या धांवपटूंच्या स्थानिक संघांतले फ्रँक रुओना हे गृहस्थ तेथें शिकवावयास जाऊं लागले आणि त्यांच्या मागून त्यांचे सोबती. हे सारे स्वयंसेवक. कैद्यांना ते दीर्घ धांवण्याची पद्धत शिकवितात आणि शर्यतीच्या दिवशीं प्रत्येकाच्या फेऱ्या मोजावयास उभे राहतात. सभासदानें डोळ्यांपुढें ठेवावयाचें अंतर मंडळाच्या नांवांतच सांगितलें आहे: एक हजार मैल, म्हणजे सुमारें सोळाशें किलोमीटर.

धांवावयाची जागा म्हणजे कैद्यांचें खालचें पटांगण. त्याच्या कडेनें पाव मैलाची एक वाट आहे. शर्यतीसाठीं आंखलेल्या गोल वाटेसारखी ती नाहीं. कोठें माती, कोठें खडी, कोठें सिमेंट, आणि तीस काटकोनांतलीं सहा वळणें. प्रत्येक वळणावर धांवणाऱ्यास गति मोडून पुन्हां उचलावी लागते. एकशें पांच फेऱ्यांत हें सहाशें तीस वेळां घडतें. घोट्यांस व गुडघ्यांस काय त्रास होत असेल ह्याची कल्पना वाचकांनींच करावी. त्याच वेळीं पटांगणांत इतर कैदी चेंडू खेळत असतात, गप्पा मारीत असतात, कांहीं वाटेंत आडवेही येतात. मध्येंच कोठें मारामारी झाली किंवा कोणी आजारी पडला तर भोंगा वाजतो; आणि भोंगा वाजतांच प्रत्येक कैद्यानें असेल तेथें खालीं बसलें पाहिजे. विसाव्या मैलास आलेला धांवपटूही त्यास अपवाद नाहीं. तापलेले पाय आखडत जातात. हुकूम आला कीं पुन्हां उठावयाचें आणि राहिलेली फेरी धरावयाची. दाट धुकें पडलें तर पहारेकऱ्यांना दिसत नाहीं म्हणून पटांगण बंदच राहतें, व त्या दिवसाचा सराव बुडतो.

दीर्घ धांवण्यांत शरीराची एक ठराविक कसोटी लागते. मनुष्याच्या यकृतांत व स्नायूंत साखरेचा जो सांठा असतो, तो साधारणतः तीस-बत्तीस किलोमीटर धांवल्यावर संपत येतो. मग शरीरास चरबीवर अधिक भिस्त ठेवावी लागते, गति मंदावते, पाय शिशाचे झाल्यासारखे वाटतात. बाहेरच्या शर्यतींत ह्या वेळीं रस्त्याच्या दुतर्फा उभे असलेले लोक ओरडून धीर देतात. नवें गांव, नवा पूल दिसला कीं शेवट जवळ येत असल्याची खूण पटते. तुरुंगांत मात्र ऐंशीव्या फेरीस डोळ्यांपुढें पहिल्या फेरीचीच भिंत असते. माझ्या अल्प समजुतीप्रमाणें तेथें पायांपेक्षां मन अधिक खर्चीं पडतें.

ह्या मंडळांतला सर्वांत प्रसिद्ध धांवपटू मार्केल टेलर. त्यास तेथें 'सॅन क्वेंटिनचें हरिण' म्हणत. दुसऱ्या दर्जाच्या खुनाबद्दल त्यास पंधरा वर्षें ते आजन्म अशी शिक्षा झाली होती. शाळकरी वयांत तो धांवत असे. पुढें तें सुटलें आणि आयुष्य भलत्याच वाटेस लागलें. तुरुंगांत त्याच्या एका जिवलग मित्राचा सुटकेचा अर्ज नामंजूर झाला व त्या मित्रानें आपला जीव दिला. त्या दुःखानंतर टेलर पुन्हां धांवूं लागला. सुमारें अठरा वर्षें भोगून २०१९ च्या मार्च महिन्यांत तो सुटला, आणि १५ एप्रिल रोजीं बोस्टनच्या मॅरेथॉनमध्यें उतरला. ती त्यानें ३ तास ३ मिनिटें ५२ सेकंदांत पुरी केली. बोस्टनची वाट एका लहान गांवाहून निघून शहरांत संपते. फिरून मूळ जागीं येत नाहीं. वर्षानुवर्षें भिंतीला वळसे घातलेल्या पायांना ती कशी लागली असेल!

येथवर आमच्या घरांतील मुलें टाळ्या वाजवीत होतीं. माझी धाकटी सून मात्र गप्प होती. शेवटीं ती म्हणाली, "मामंजी, हा धांवला, सुटला, त्याचें चित्र निघालें. पण असल्या गुन्ह्यांत ज्यांच्या घरचें माणूस गेलें, त्यांनीं हें पाहिलें तर त्यांना काय वाटेल?"

हा प्रश्न टाळण्यासारखा नव्हता. मीं प्रथम नेल्सन मंडेलांचें उदाहरण दिलें. फोर्ट हेअरच्या विद्यालयांत असतांना ते लांब पल्ल्याचें धांवत. पुढें मुष्टियुद्धाचाही सराव त्यांनीं केला. १९६४ सालीं जन्मठेप झाल्यावर सत्तावीस वर्षांच्या बंदिवासांतलीं अठरा वर्षें त्यांनीं रॉबेन बेटावर काढलीं. कोठडी इतकी लहान कीं, तीन पावलांत तिची लांबी संपावी. तेव्हां तेथें ते सकाळीं उभ्या जागींच पाऊण तासापर्यंत धांवत. माझें बोलणें ऐकून घेऊन सून म्हणाली, "मंडेलांना नमस्कार करणें सोपें आहे. ते अन्यायाशीं लढतांना आंत गेले." तिचें म्हणणें खरें होतें.

त्या वेळीं मला जें सुचलें तें येथें मांडतों. आपल्या धर्मशास्त्रानें दंड आणि प्रायश्चित्त ह्या दोन निराळ्या गोष्टी मानल्या आहेत. दंड राजा देतो. प्रायश्चित्त अपराध्यानें स्वतः आचरावयाचें असतें. दंड पुरा भोगूनही मनुष्य जसाच्या तसा राहूं शकतो. धांवण्यानें पाप धुतलें जातें असें मी म्हणणार नाहीं. गेलेला जीव एकशें पांच काय, एक लक्ष फेऱ्यांनींही परत येत नाहीं. परंतु अपराधाचें ओझें उचलावयास देखील कोणी तरी धड मनुष्य शिल्लक असावा लागतो. ज्याचें मन व्यसनानें, रागानें वा निराशेनें मोडून गेलें आहे, त्याला आपण काय केलें हें नीट पाहतांही येत नाहीं. नेमल्या दिवशीं उतरणें, ठरलेलें अंतर पुरें करणें, भोंगा वाजतांच निमूटपणें बसणें आणि राग न आणतां पुन्हां उठणें, ह्या संवयींतून तो हळूहळू आपल्या कृत्याकडे डोळे उघडून पाहण्याइतका सावरतो. ज्याच्या हातून एका क्षणाच्या क्रोधानें अनर्थ घडला, त्यानें चार तास धीर धरावयास शिकावें, ह्यांत शिक्षेची थट्टा कसली? शिक्षेनें जें साधावयाचें त्याचाच तो भाग होय. सुनेचें पूर्ण समाधान झालें नाहीं, आणि तें न व्हावें हेंही योग्यच; मृताच्या बाजूनें बोलणारें कोणी तरी प्रत्येक घरांत असलें पाहिजे.

कैद्यावर विश्वास टाकण्याची कल्पना आपल्याकडेही परकी नाहीं. औंध संस्थानांत १९३९ सालीं आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत निघाली. व्ही. शांताराम ह्यांचा १९५७ चा 'दो आंखें बारह हाथ' हा चित्रपट त्याच प्रयोगावरून सुचलेला. तो पाहून आपल्यापैकीं अनेकांनीं डोळे पुसले असतील. पडद्यावरच्या कैद्यासाठीं डोळे पुसणें आणि दारांत उभ्या असलेल्यास आंत घेणें ह्यांत केवढें अंतर आहे, तें मात्र मला माझ्याच घरीं कळलें.

चार-पांच वर्षांपूर्वींची गोष्ट. माझा एक जुना विद्यार्थी भेटावयास आला. संस्कृतांत तो बेताचाच होता. परंतु शाळेच्या सामन्यांत लांब पल्ल्याच्या शर्यतींत त्याच्या पुढें कोणी जात नसे. शिक्षक कमी, म्हणून त्या शर्यतींची व्यवस्था माझ्याकडे असे. पुढें एका पतपेढींत नोकरीस असतां हिशेबांत अफरातफर केल्याबद्दल त्यास कैद झाली. ती भोगून तो आला होता. मीं त्यास ओसरीवर बसविलें. चहा दिला, पण 'आंत ये' असें म्हणालों नाहीं. घरांत सुना-नातवंडें आहेत, शेजारी काय म्हणतील, असले विचार मनांत आले हें कबूल करतों. निघतांना तो एवढेंच म्हणाला, "गुरुजी, सकाळीं बराक उघडली कीं मी अंगणांत धांवत असें. कित्येक वर्षांनीं पुन्हां सुरू केलें. तुम्ही शिट्टी घेऊन फेऱ्या मोजीत उभे असायचे, तें आठवायचें." मीं नुसती मान हलविली. तो पुन्हां आला नाहीं.

त्या रात्रीं चित्रपट संपल्यावर माझ्या डोळ्यांपुढें हा मुलगा उभा होता. ज्याच्या शिट्टीची आठवण त्यानें तुरुंगांत जपली, तो मनुष्य त्याला उंबऱ्याच्या आंत घेण्यास कचरला. दीर्घ शर्यतींत फेऱ्या मोजणारा कोणी तरी लागतो. नाहीं तर थकलेल्या धांवणाऱ्यास आपली शेवटची फेरी कोणती हें समजत नाहीं. सॅन क्वेंटिनमध्यें बाहेरचे लोक त्यासाठींच येऊन उभे राहतात. आपल्या गांवांत, क्वचित् आपल्या नात्यांतही, शिक्षा भोगून परत आलेला कोणी असतो. त्याची फेरी पुरी झाली, हें त्यास कोणीं सांगावयाचें? कायदा ठरलेल्या दिवशीं त्याला सोडतो. आपण मात्र मोजीतच राहतों.

मीं घरांत सर्वांचें मत घेतलें. आमच्या मंडळींनीं थोडा विचार करून होकार दिला. सुनेनेंही दिला, मात्र "ज्यांचे पैसे बुडाले त्यांचें पुढें काय झालें, हें मी त्यांना विचारणार," अशी अट घातली. ती मला मान्य आहे, आणि बहुधा त्यालाही असेल. पत्ता मिळवून मीं पत्र टाकलें. त्याचें उत्तर आलें आहे. येत्या रविवारीं तो जेवावयास यावयाचा आहे, आणि ह्या वेळीं त्याचें पान आंत, आमच्या पंक्तीस मांडावयाचें ठरलें आहे.