आजी थकली म्हणजे नेमकं काय झालं?

दिवाळी झाली की नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या पाथर्डी तालुक्याच्या डोंगरपट्ट्यातल्या वाड्या ओस पडू लागतात. मुकादमाकडून उचल घेतलेली नवरा-बायकोची जोडी, म्हणजे इथल्या भाषेत एक 'कोयता', ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बिऱ्हाड भरून सांगली-कोल्हापूरकडे निघते, कुणी थेट कर्नाटकात जातं. मागे राहतात म्हातारी माणसं, शाळेसाठी ठेवलेली नातवंडं आणि एखाद-दुसरी शेळी. अशाच एका घराच्या ओट्यावर मार्गशीर्षातल्या एका सकाळी मी बसलो होतो. आजी चहा टाकायला उठली. आधी ती एका गुडघ्यावर वळली, डावा हात जमिनीला टेकला, उजव्या हाताने मेढ धरली, अर्ध्यात थांबून श्वास घेतला आणि मग उभी राहिली. उभी राहिल्यावरही तिने मेढ लगेच सोडली नाही.

"मागल्या साली असं नव्हतं बाळा," ती म्हणाली, "औंदा लय थकले."

दमणं वेगळं आणि थकणं वेगळं, हे आपल्या भाषेला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. दमलेला माणूस रात्रभर झोपला की सकाळी उठून कामाला लागतो. 'आजोबा आता थकले' असं आपण म्हणतो, तेव्हा झोपेने भरून न येणारं काही तरी सरलेलं असतं. वैद्यकशास्त्रात याला 'फ्रेल्टी' म्हणतात. २००१ साली अमेरिकेतल्या लिंडा फ्रीड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिच्या पाच खुणा ठरवल्या: मुद्दाम कमी न करता वजन उतरणं, सतत गळून गेल्यासारखं वाटणं, हाताची पकड ढिली होणं, चाल मंदावणं आणि एकूण हालचालच कमी होणं. यातल्या तीन किंवा अधिक खुणा दिसल्या तर माणूस थकला. एक-दोन दिसल्या तर तो उंबरठ्यावर आहे. त्याच सुमारास कॅनडात केनेथ रॉकवूड आणि अर्नोल्ड मिट्निट्स्की यांनी वेगळा हिशेब मांडला. नजर, कान, सांधे, स्मरण, अंघोळ-कपडे अशा अनेक बाबी तपासायच्या आणि त्यांतल्या किती बिघडल्या याचं प्रमाण काढायचं. दोन सत्तर वर्षांच्या माणसांची जन्मतारीख एकच असली, तरी हे प्रमाण अगदी वेगळं निघू शकतं.

दोन्ही पद्धती मोजतात ती शरीराची शिल्लक. तरुणपणी प्रत्येक अवयवाकडे गरजेपेक्षा जास्त ताकद असते. ताप आला, जुलाब झाले, पाय मुरगळला, तर त्या शिल्लकीतून खर्च होतो आणि पुन्हा भरही पडते. थकलेल्या माणसाजवळ ही शिल्लकच उरलेली नसते. चार दिवसांच्या तापाने तो अंथरुणाला खिळतो आणि अंथरुणाने ताकद आणखी जाते. हे किती वेगाने होतं, ते २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात दिसलं. साठी ओलांडलेल्या, धडधाकट माणसांना दहा दिवस नुसतं झोपवून ठेवलं, तर त्यांच्या पायांतलं सुमारे एक किलो मांस झडलं. ही निरोगी आणि पोटभर जेवणारी माणसं होती.

नगर जिल्ह्याच्या दक्षिण भागात ही शिल्लक मुळात किती साठली असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही. स्नायूंची ताकद तिशीच्या आसपास सर्वांत जास्त असते आणि पुढे उतरत जाते. जे साठवायचं ते त्याआधीच साठवायचं. आज सत्तरी ओलांडलेली इथली माणसं १९७२ च्या दुष्काळात वयात येत होती. ऐन बांधणीच्या दिवसांत ही शरीरं दुष्काळी कामांवर खडी फोडत होती आणि सुकडी खाऊन दिवस काढत होती. त्यानंतर कित्येकांनी वीस-वीस हंगाम ऊस तोडला. बाईच्या वाट्याला तर कोयत्याखेरीज मोळीचं ओझं, चूल आणि बाळंतपणंही आली. शेजारच्या बीड जिल्ह्यात ऊसतोड करणाऱ्या हजारो बायकांची गर्भाशयं काढली गेल्याचं २०१९ मध्ये राज्य सरकारने नेमलेल्या समितीपुढे आलं. अशा शस्त्रक्रियेत अंडाशयंही गेली असतील, तर पाळीबरोबर हाडांचं संरक्षणही अकाली जातं. त्या बाईची साठी पन्नाशीतच सुरू होते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने भारत, चीन, घाना, मेक्सिको, रशिया आणि दक्षिण आफ्रिका या सहा देशांत पन्नाशीपुढच्या लोकांची पाहणी झाली होती. तिच्या आधारे थकलेल्यांचं प्रमाण काढलं, तेव्हा भारतात ते निम्म्याहून अधिक निघालं, तर चीनमध्ये साधारण १३ टक्के. आपली माणसं लवकर थकतात.

पण गोष्ट शरीरापाशी संपत नाही. २००८ साली कॅनडातल्या मेलिसा अँड्र्यू यांनी रॉकवूड यांच्यासह थकव्याच्या मोजपट्टीशेजारी दुसरी मोजपट्टी ठेवली. घरात सोबत कोण आहे, अडीअडचणीला कोण धावून येतं, माणसांत ऊठबस किती, आपल्या आयुष्यावर आपला ताबा आहे असं वाटतं का, अशा प्रश्नांतून त्यांनी माणसाचं सामाजिक उघडेपण मोजलं. शरीराचा थकवा हिशेबात धरल्यानंतरही या उघडेपणाचा मृत्यूशी स्वतंत्र संबंध दिसला. शरीर तितकंच थकलेलं, पण आधार नाही. तर धोका जास्त.

कॅनडातल्या माणसाचं हे उघडेपण वर्षभर बहुधा सारखंच राहत असेल. पाथर्डी, शेवगाव, जामखेडच्या वाडीवर ते ऋतूप्रमाणे बदलतं. श्रावणात याच आजीच्या घरात लेक, सून, नातवंडं असतात. पाणी सून भरते, दवाखान्यात लेक गाडीवरून नेतो. पौषात तीच आजी घरातली एकटी कर्ती असते. कळशी तीच उचलते, दोन नातवंडांना भाकरी तीच थापते आणि शेळीच्या मागेही तीच धावते. तिची पाहणी श्रावणात केली तर ती एकत्र कुटुंबात सुखाने राहणारी म्हणून नोंदली जाईल. हा कागदावरचा आधार वर्षातले पाच-सहा महिने जागेवर नसतो, आणि थंडीचा खोकला-ताप नेमका त्याच महिन्यांत येतो. आपल्याकडे या विषयाची मोजपट्टी बनवताना महिना कोणता, हे लिहिलंच पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

खाण्याचंही तसंच. नगर हा दुधाचा जिल्हा. पण दूध सकाळ-संध्याकाळ डेअरीला जातं आणि म्हातारीच्या पेल्यात बिनदुधाचा चहा येतो. दात गेलेले, म्हणून त्यात भाकरी कुस्करायची. म्हातारपणी वजनाच्या दर किलोमागे रोज किमान एक ग्रॅम प्रथिन हवं, असं जराशास्त्राचे तज्ज्ञ सांगतात. पंचेचाळीस किलोच्या आजीला पंचेचाळीस ग्रॅम. बाजरीच्या तीन भाकरींतून त्याच्या निम्मंही जेमतेम मिळतं. उरलेलं डाळीतून, दुधातून, अंड्यातून यावं लागतं. त्यात रेशन दुकानातल्या यंत्रावर तिचा अंगठा उठत नाही. आयुष्यभराच्या कामाने बोटांच्या रेषा झिजल्यात.

थकलेलं शरीर पुन्हा उभं राहू शकतं, हे मात्र आवर्जून सांगायला हवं. मारिया फियातारोने यांनी बोस्टनमधल्या एका वृद्धाश्रमातल्या नव्वदीच्या माणसांकडून आठ आठवडे पायांनी वजन उचलून घेतलं. १९९० साली छापलेल्या निष्कर्षांनुसार या माणसांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली होती. त्यासाठी यंत्रंच लागतात असं नाही. खाटेवरून हात न टेकता पाच वेळा उठणं-बसणं हीसुद्धा पायांची चाचणी आहे आणि रोज, सोबतीला कुणी असताना, केलं तर व्यायामही. पण वजन उचलायचं तर पोटात प्रथिन हवं आणि 'चल, आज पाच वेळा' म्हणणारं कुणी तरी शेजारी हवं.

असं माणूस कुठून आणायचं, याचं उत्तर याच जिल्ह्यात आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली जामखेडला काम सुरू केलं, तेव्हा त्यांनी गावातल्याच, बहुतेक निरक्षर बायकांना आरोग्य सेविका म्हणून तयार केलं. कुणाच्या चुलीवर काल काही शिजलं नाही, हे त्या बाईला विचारावं लागत नव्हतं. ती त्याच गल्लीत राहत होती. आज आशा ताईंकडच्या तपासणी फॉर्ममध्ये साठीपुढच्यांसाठी प्रश्न आहेत: चालताना तोल जातो का, रोजच्या कामांना कुणाची मदत लागते का. त्याखाली आणखी एक ओळ घालावी: कार्तिक ते चैत्र घरात कोण असतं? आणि ज्या घराचं उत्तर 'कुणी नाही' असेल, तिथे त्या महिन्यांत दर आठवड्याला फेरी व्हावी, या फेरीचा मोबदला आशा ताईला वेगळा मिळावा.

त्या सकाळी आजी चहासाठी चूल पेटवणार, तेवढ्यात समोरच्या घरातून हाक आली, "ए, उठलीस का गं?" तिथली म्हातारीही एकटीच. दोघींचं ठरलेलं आहे. जिला आधी जाग येईल तिने हाक मारायची, ओ आली की मग चूल पेटवायची. आजीने आतूनच ओ दिली. आवाज बारीक होता, रस्त्यापलीकडे पोचला नाही. हाक पुन्हा आली. तेव्हा आजी मेढीला धरत दारापर्यंत आली आणि तिने हात वर केला.