‘शेअर’चा पर्याय आणि रुग्णाचा विश्वास

भोपाळकरांना वैद्यकीय नोंदींचे मोल वेगळे सांगावयास नको. डिसेंबर १९८४ च्या वायुदुर्घटनेतील पीडितांवर अनेक रुग्णालयांतून उपचार होत आले. ९ ऑगस्ट २०१२ च्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या वैद्यकीय नोंदी संगणकीकृत करण्याचे, तसेच प्रत्येक पीडितास आरोग्यपुस्तिका व स्मार्ट कार्ड देण्याचे निर्देश दिले. रुग्ण जेथे जाईल तेथे त्याची नोंदही पोहोचली पाहिजे. मात्र ती भलत्या हाती पडता कामा नये.

आज ही नोंद बहुधा मोबाइलवरूनच प्रवास करते. ‘शेअर’ दाबताच ॲप फोनच्या प्रणालीस कळविते की पाठवावयाची वस्तू मजकूर आहे, चित्र आहे की पीडीएफ. आणि ती स्वीकारू शकणाऱ्या ॲपची यादी समोर येते. सहलीचे छायाचित्र काय किंवा रुग्णाचा एक्स-रे काय, प्रणालीच्या लेखी दोन्ही केवळ चित्रेच! त्यामुळे हृदयरोगतज्ज्ञ आणि नातेवाइकांचा ग्रुप एकाच यादीत शेजारी शेजारी बसतात. अंगठा जरासा सरकला, तरी गोपनीयतेचा भंग होतो.

यावर उपाय आहे. ॲप तयार करणाऱ्यास प्रसंगानुरूप स्वतंत्र पर्याय देता येतात. अहवाल उघडताच ‘तज्ज्ञाचा सल्ला’, ‘रुग्णास प्रत’ आणि ‘अभ्यासासाठी, नाव वगळून’ असे तीन पर्याय दिसावेत. पहिल्याने मूळ फाइल निवडलेल्या एकाच डॉक्टरकडे जावी. कारण साधे चित्र म्हणून पाठविलेला ईसीजी आकुंचित होतो आणि त्यातील सूक्ष्म रेषा पुसट होऊ शकतात. दुसऱ्याने संपूर्ण अहवाल रुग्णाच्या नोंदविलेल्या क्रमांकावरच जावा. मागणी केल्यापासून ७२ तासांत नोंदी देण्याचे बंधन २००२ च्या वैद्यकीय आचारनियमांनी आपणांवर घातलेलेच आहे. तिसऱ्याने चित्रावर छापलेले नाव व नोंदणी क्रमांक आधी झाकले जावेत. एचआयव्हीच्या अहवालावर तर सरसकट ‘शेअर’ नसावेच. काही अपवाद वगळता रुग्णाच्या संमतीविना ही माहिती उघड करण्यास २०१७ च्या कायद्याने मनाई केली आहे.

एका पर्यायाच्या फेरबदलाने काय साधणार, असे कोणी विचारील. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळविणाऱ्यांच्या अफवेतून जमावाने पाच निरपराधांचा बळी घेतला. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठविण्याची मर्यादा आणि चित्रांशेजारील झटपट ‘फॉरवर्ड’चे बटण काढण्याचा निर्णय जाहीर केला. एप्रिल २०२० मध्ये, वारंवार फिरलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठविता येईल, असे ठरले. संदेश कोणता, यावरून आज्ञा बदलता येते, हे यावरून सिद्ध झाले. दुर्दैव इतकेच की त्यासाठी माणसे मरावी लागली.

वैद्यकीय व्यवसायाने अशा प्रसंगाची वाट पाहू नये. दवाखान्यासाठी सॉफ्टवेअर घेताना देयके आणि भेटीच्या वेळा यांबरोबरच ‘शेअर’खाली कोणते पर्याय आहेत, हेही डॉक्टरांनी विचारावे. आणि तोवर काय पाठवितो, कोणास आणि कशासाठी, हे तीन प्रश्न बोट टेकविण्यापूर्वी स्वतःस विचारावेत. रुग्णाने आपले दुखणे एका डॉक्टरला सांगितलेले असते, त्याच्या फोनमधील साऱ्या यादीला नव्हे.